बुलेटचं मागचं सस्पेन्शन: जुलै ते दत्तजयंती

जुलै २०२४. आईला मागे बसवून बडोद्यात वाघोडिया रोडने घरी येत होतो. पावसाने कडा धुपलेला एक गतिरोधक आला. वेग फार तर पंचवीसचा असेल. पुढचं चाक नीट उतरलं, मागचं उतरलं तेव्हा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. आई काही बोलली नाही. पण कारेलीबागेत घरी पोचल्यावर जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून थांबली, तेव्हा समजलं.

गाडी बाबांची. नोव्हेंबर १९८९ ची ३५० बुलेट, उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक. मी चार वर्षांचा असताना याच गाडीवर टाकीवर बसून नर्मदाकाठच्या दत्तस्थानी, गरुडेश्वरला गेलो होतो, आई मागे. २०२४ च्या दत्तजयंतीला आईला तिथे याच गाडीने जायचं होतं. तिने ते मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं. म्हणून हे काम हाती घेतलं. पाच महिने लागले. गाडीवर ८,४०० रुपये गेले, कागदपत्रांवर २,८०० च्या आसपास. जुनी गाडी असलेल्या कुणाला यातून थोडी वाट दिसावी म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे, माझ्या चुकांसकट.

पहिली चूक घाईची. ४ ऑगस्टला घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे दोन्ही स्प्रिंगांखाली एकेक जाड रिंग टाकून दिली, १५० रुपयांत. गाडी मागून उंच दिसायला लागली, मला बरं वाटलं. दोन दिवसांनी नवाच आवाज सुरू झाला. आता चाक खड्ड्यात उतरताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन वर ठोकर बसत होती. रिंग टाकली म्हणजे स्प्रिंग कडक होते असा माझा समज होता. तसं होत नाही. स्प्रिंग आधीपासून थोडी दाबून बसवली की गाडीची उंची वाढते, एवढंच. एक मिलिमीटर दाबायला जेवढं वजन लागत होतं, तेवढंच पुढेही लागतं. कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेटोळ्यांत असतो, आणि माझ्या स्प्रिंगा पस्तीस वर्षांत थकल्या होत्या. शिवाय आतलं तेल दांड्यावरून झिरपून गेलेलं, त्यामुळे उसळी रोखायला काहीच उरलं नव्हतं. एका खड्ड्यानंतर गाडी तीनदा झुलायची.

मग मोनोशॉकच्या नादी लागलो. एका ठिकाणी १८,००० सांगितले: मागची फ्रेम कापायची, नवी आडवी पट्टी वेल्ड करायची, मधोमध एकच शॉकअप. फोटोत देखणं दिसत होतं. ॲडव्हान्स द्यायच्या आधी, सुदैवाने, पाणीगेटजवळच्या मिस्त्रीकाकांना विचारलं. बाबांची गाडी तीस वर्षं तेच बघतात. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “भाई, फ्रेम ना कपाय.”

का नाही, ते त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. बुलेटमध्ये दोन्ही शॉकअप चिमट्याच्या मागच्या टोकाला, चाकाच्या आसाजवळ बसतात. (चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंग-आर्म, गॅरेजमध्ये त्याला हाच शब्द आहे.) चाक जेवढं वर जातं जवळपास तेवढाच शॉकअप दबतो, आणि जोर दोन बाजूंना वाटला जाऊन फ्रेमवर वर चढतो. मोनोशॉक चिमट्याच्या पुढच्या भागाला, खिळीजवळ लागतो. (खिळ म्हणजे चिमटा ज्यावर वर-खाली फिरतो तो दांडा.) तिथे तरफेचा हिशोब बदलतो. चाक दोन-अडीच इंच हललं की शॉकअप एक इंच हलतो, आणि त्याच प्रमाणात जोर दोन-अडीच पट होऊन एकाच जागी फ्रेमवर येतो. ज्या कारखान्यात ही फ्रेम बनली, तिथे त्या जागी असा भार यायचाच नाही असं धरून नळ्या घातल्या होत्या. सुरुवातीला काही होत नाही. वेल्डच्या कडेला बारीक केसासारखी चीर जाते ती नंतर.

कायद्याची बाजू मी घरी येऊन वाचली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीत, म्हणजे नोंदणीपत्रात, नोंदलेला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे. आरसीत चेसिस नंबर असतो तसाच व्हीलबेसही असतो, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर. चिमटा लांब केला की तो आकडा खोटा ठरतो. फ्रेम कापली तर प्रश्नच नाही. आमच्या गाडीची आरसी नोव्हेंबर २०२४ मध्ये संपत होती आणि पासिंगला गाडी उभी करायची होतीच. दोन शॉकअपच्या जागी दोनच शॉकअप, त्याच बोल्टांवर, त्याच लांबीचे, हे तिथेच ठरलं.

आणि २६ ऑगस्टला गोकुळाष्टमीच्या दिवशी पाऊस सुरू झाला.

बडोद्यातल्या लोकांना तो आठवडा सांगायला नको. विश्वामित्री शहरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, वीज नाही, दूध नाही. बुलेट आम्ही ओट्यावर चढवली होती, तरी पाणी चिमट्याच्या खिळीपर्यंत आलं आणि जवळजवळ दोन दिवस तिथेच राहिलं. पाणी ओसरल्यावर मिस्त्रीकाकांच्या दारात बुडलेल्या स्कूटरींची रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. त्या लोकांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. माझं काम हौसेचं. मिस्त्रीकाकांनी न विचारताच मी सांगितलं, गणपतीनंतर येतो. घरी मात्र दोन्ही चाकांचे ड्रम उघडून वाळवले आणि इंजिन ऑइल बदललं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर तेल बदलेपर्यंत किक मारू नका.

२२ सप्टेंबर, रविवार. चिमटा काढायला घेतला. त्या आधी मिस्त्रीकाकांनी एक तपासणी दाखवली, ती कुणालाही घरी करता येते. गाडी मधल्या स्टँडवर, एक माणूस फ्रेम धरून उभा, दुसऱ्याने मागचं चाक मागच्या टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवायचं. माझं चाक बोटभर हललं. तेव्हा कळलं की गेली दोन-तीन वर्षं वळणावर गाडी ‘पोहते’ असं जे वाटत होतं ते टायरचं नव्हतं. चिमट्याचे बुश, म्हणजे खिळ ज्यांच्यात फिरते ती नळकांडी, संपले होते. नवे शॉकअप याच बुशांवर चढवले असते तर पैसे पाण्यात गेले असते.

खिळ मात्र निघेना. पुराने तिला आणखी धरलं होतं. डिझेल सोडून दोन दिवस ठेवली, मग एका बाजूने लाकडाचा ठोकळा लावून हातोडी, तरी नाही. शेवटी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नेऊन हायड्रॉलिक प्रेसवर काढली. बाहेर आली तेव्हा बाबा बरोबर होते. त्यांनी ती चिंधीने पुसली आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं. जिथे बुश बसतो तिथे नख अडकलं. एका बाजूने खिळ चपटी झाली होती, आणि बुशाचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं. “पस्तीस वर्षं ही एकाच बाजूने खाल्ली गेली,” बाबा म्हणाले. तोपर्यंत त्यांचा या सगळ्याला विरोध होता. कंपनीने दिलंय ते तसंच राहू दे, हे त्यांचं वाक्य मी महिनाभर ऐकत होतो. त्या दिवसापासून मोजायची टेप त्यांच्या खिशात आली.

नवे बुश ३५०, नवी खिळ २८०, प्रेस आणि लेथवर भोक नेमक्या मापाचं करून घ्यायचे ७००, चिमटा काढण्या-घालण्याची मजुरी ९००. बुश दाबून बसवल्यावर आतलं भोक थोडं आवळतं, म्हणून माप बसवल्यानंतर काढायचं असतं. लेथवाल्याने हे आपणहून केलं. तुमच्याकडे कुणी आधीच भोक पाडून बुश ठोकायला निघाला तर थांबवा. चिमटा परत चढवल्यावर तो शॉकअपशिवाय हाताने वर-खाली करून बघा. स्वतःच्या वजनाने हळूच खाली यायला हवा. न अडकता आणि न लटपटता.

शॉकअपसाठी १ ऑक्टोबरला ऑर्डर दिली. गॅस भरलेले, खाली पाच खाचांचं ॲडजस्टमेंट असलेले, जोडी ५,२०० ला. बाजूला वेगळा डबा असलेले महाग शॉकअप बघितले होते, पण तो डबा टूलबॉक्सला घासला असता. लांबीचा मोहही झाला. बरेच जण इंच-अर्धा इंच लांब बसवतात, गाडी तरतरीत दिसते. पण मागचा भाग उचलला की पुढचा फोर्क तेवढा उभा होतो, हँडल हलकं पडतं, आणि बुलेटचा जो सरळ रेषेत जाण्याचा शांतपणा आहे तो कमी होतो. चेनचा ताण बदलतो. मधल्या स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकायला लागतं, मग पंक्चर काढायची पंचाईत. आम्ही जुन्या शॉकअपची लांबी डोळ्याच्या (टोकाला बोल्ट जातो त्या भोकाच्या) मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली, पूर्ण ताणलेल्या अवस्थेत, आणि तीच मागवली.

९ ऑक्टोबरला, नवरात्रात, पार्सल आलं. खालच्या डोळ्यातली रबराची बुशी आमच्या बोल्टाहून मोठी निघाली. भोकात बोल्ट खुळखुळत होता. शहर रात्रभर गरब्यात, कुरिअरवाला दिवसा उगवेना. परत पाठवण्याचे १८० रुपये आणि बारा दिवस. ऑर्डर देताना मी लांबी सांगितली, बोल्टाचा व्यास सांगितला नाही. दोन्ही सांगा, वरचा वेगळा, खालचा वेगळा. बरोबर जोडी २१ तारखेला मिळाली, २५ ला चढली. मजुरी ४००, नवे बोल्ट-वॉशर-रबरं २४०.

२७ ऑक्टोबरची सकाळ या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली. त्या दिवशी आम्ही सॅग मोजला, म्हणजे वजनाने गाडी मागून किती खाली बसते ते. शॉकअप बदलणाऱ्या दहातले नऊ जण हे करत नाहीत आणि मग शॉकअपला नावं ठेवतात, म्हणून सविस्तर सांगतो.

गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सरळ वर, मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर पेनने रेघ मारली. आस ते रेघ, हे अंतर म्हणजे शून्य. मग गाडी स्टँडवरून उतरवली, तेच अंतर पुन्हा मोजलं. किती कमी झालं, तो गाडीच्या स्वतःच्या वजनाचा सॅग. मग मी बसलो, पाय पायट्यांवर, शेजारच्या मुलाने पुढून हँडल धरलं. मग आई बसली. मी ८२ किलो, आई ६१. बाबा गुडघा दुखत असताना फरशीवर पाट घेऊन बसले होते आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होते, माझी मुलगी वहीत लिहीत होती.

जुन्या शॉकअपचे आकडे आम्ही रिंगा काढून, चिमटा उघडण्याआधीच घेऊन ठेवले होते. नुसती गाडी २२ मिलिमीटर, मी बसल्यावर ४५, आई बसल्यावर ६७. शॉकअपच्या दांड्याची एकूण हालचाल ७५. म्हणजे आई मागे बसली की खड्ड्यासाठी ८ मिलिमीटर उरत होते. कडेवरच्या लहान मुलाच्या करंगळीएवढी जागा. वाघोडिया रोडवरचा तो आवाज इथून आला होता.

नव्यांचे आकडे: १०, २६, ४३. एकटा असताना एक तृतीयांशाच्या आसपास सॅग, हे आम्हाला हवं होतं तेच. आईसाठी ॲडजस्टमेंटची खालची कडी दोन खाचा वर फिरवली, ४३ चे ३४ झाले. दोन्ही बाजू सारख्याच खाचेत ठेवायच्या हे लक्षात असू द्या, नाही तर चिमट्याला पीळ बसतो. जुन्या रिंगेने जे केलं तेच ही कडी करते, उंची देते. फरक एवढाच की आता स्प्रिंग मुळात पुरेशी कडक होती.

चेनची ढीलही त्याच दिवशी लावून घेतली. चेन सगळ्यात ताठ होते ती गिअरबॉक्सची चकती, चिमट्याची खिळ आणि मागचा आस एका रेषेत आले की. म्हणून स्टँडवर चेन छान वाटली तरी दोघं बसल्यावर ढील तपासायची. आमची बसल्यावर पार ताठ झाली होती, पाऊण इंच ढील मिळेपर्यंत आस पुढे घेतला.

मग दिवाळी. बडोद्यात लाभपाचमेपर्यंत काही हलत नाही, आणि हलवायचंही नसतं.

कागदांचं काम मी सप्टेंबरातच सुरू केलं होतं. आरसी संपायच्या आधी ६० दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. फॉर्म २५, परिवहन पोर्टलवर. २०२४ मध्ये शुल्क १,००० होतं, कार्डाचे २००. मुदत उलटली तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात, त्यामुळे तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. विमा चालू हवा. १५० ते ३५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता २०२४ मध्ये १,३६६ होता आणि वर जीएसटी. पीयूसी हवं. ही पाच-पाच वर्षांची मुदत २००४ पासून बाबाच वाढवत आले होते. या वेळी पहिल्यांदा मी केलं.

११ नोव्हेंबरला गाडी घेऊन दरजीपुऱ्याला आरटीओत गेलो. पासिंगसाठी चेसिस नंबरचा ठसा लागतो. हँडलखालच्या नळीवर नंबर कोरलेला असतो, त्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिल घासायची. मी घासली, आणि पट्टीवर नुसता राखाडी डाग उमटला. चार वर्षांपूर्वी मी गाडीला रंग दिला होता, खोबणी रंगाने भरून गेल्या होत्या. साहेबांनी शांतपणे सांगितलं, नंबर साफ करून आणा. दिवस गेला. घरी थिनरमध्ये कापूस बुडवून, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने, अर्धा तास हळूहळू. खरवडायचं नाही, पॉलिश पेपर तर अजिबात नाही. कोरलेल्या आकड्याला ओरखडा गेला तर शंका येते. एकेक आकडा रंगाखालून वर आला. दुसऱ्या पट्टीवर पूर्ण ओळ स्वच्छ उमटली, ती बाबांनी स्वतः पेन्सिल धरून काढली.

१३ तारखेला पुन्हा. दिवे, हॉर्न, ब्रेक, नंबर प्लेट पाहिली. खाली वाकून त्यांनी नव्या शॉकअपकडे बोट केलं. मी बिल पुढे केलं आणि जुन्या शॉकअपचा फोटो दाखवला. बसवण्याची जागा तीच, लांबी तीच, फ्रेमला हात लावलेला नाही. त्यांनी मागचं मडगार्ड दोनदा दाबून बघितलं आणि सही केली. कार्ड २७ नोव्हेंबरला पोस्टाने घरी आलं, पुढच्या पाच वर्षांचं. बिलं, फोटो आणि सॅगची वही मी आरसीच्याच पाकिटात ठेवली आहे. जुने शॉकअप तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर ते हवेत.

१ डिसेंबरला डभोईपर्यंत चाचणी. हिरा भागोळीच्या कमानीखाली गाडी थांबवून सगळे नट तपासले. डावीकडचा वरचा नट पाव फेरा सैल झाला होता. नव्या रबरांवर असं होतं, शंभरेक किलोमीटरनंतर एकदा आवळायचेच.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती. सकाळी साडेसहाला निघालो. आई पंजाबी ड्रेस आणि हेल्मेटमध्ये, दोन्ही बाजूंना पाय टाकून. मागच्या कारमध्ये बाबा, माझी बायको आणि मुलगी. निघण्याआधी बाबांनी शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा एक बारीक पट्टा आवळून खाली सरकवून ठेवला. शॉकअप जेवढा दबेल तेवढा तो पट्टा वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. थंडी होती. डभोईपर्यंत आई काही बोलत नव्हती, तिलकवाड्याच्या अलीकडे तिने पाठीमागून गुरुचरित्रातल्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. एका गावात गतिरोधकांची तिहेरी रांग होती. मी नकळत श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली, एकदाच, आणि स्थिर झाली. ओवी मध्ये तुटली नाही.

गरुडेश्वरला टेंब्येस्वामींच्या समाधीजवळ पोचायला नऊ वाजले. गर्दीमुळे गाडी बरीच अलीकडे लावावी लागली. आई स्वतः उतरली, ओढणी सारखी केली आणि नर्मदेच्या दिशेने चालू लागली. मी तिच्या मागे निघालो तेव्हा बाबा मात्र कारमधून उतरून बुलेटपाशी थांबले होते. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले, खिशातून टेप काढली आणि त्या पट्ट्यापर्यंतचं माप घेतलं.

“१४ मिलिमीटर शिल्लक आहेत,” त्यांनी तिथूनच हाक मारून सांगितलं.